लोणी, तूप आणि आपल्या खोलीचे तापमान

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने आम्हांस एक प्रश्न विचारला. तिने कोठेतरी वाचले होते, की लोणी सामान्य तापमानाला बाहेर ठेवले तरी चालते, फ्रीजमध्ये ठेवण्याची आवश्यकता नाही. तिच्या आजीचा अनुभव मात्र असा, की चैत्रात सकाळी काढलेल्या लोण्याचा गोळा दुपारपर्यंत भांड्यात राहतच नाही, त्याचे पाणी होते. "सर, खरे कोणाचे? पुस्तकाचे की आजीचे?" असे तिने विचारले. आमचा विषय इतिहास. विज्ञानाचे आमचे सहकारी त्या दिवशी रजेवर होते, म्हणून तो प्रश्न आमच्या वाट्यास आला. वेळ मारून नेण्याऐवजी आम्ही तो मनावर घेतला आणि पुढील काही उन्हाळे त्याचा पाठपुरावा केला. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा तोच विषय मांडावा असे ठरविले.

आरंभ 'सामान्य तापमान' या शब्दांपासूनच केला पाहिजे. ज्या देशांत ही पुस्तके लिहिली गेली, तेथील घरातील खोली अठरा ते वीस-एकवीस अंश सेल्सिअसची असते. जालन्यातील एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या छताखालची खोली दुपारी भट्टीसारखी तापते. दुधातील स्निग्धांश विशीच्या पुढे मऊ होऊ लागतो आणि पस्तीस अंशांच्या आसपास तो जवळजवळ पूर्ण वितळतो. तात्पर्य असे, की तेथील खोलीत ठेवलेले लोणी पावावर पसरण्याइतपत मऊ होते, तर आपल्या खोलीत त्याचे लोणीपणच उरत नाही. वर पिवळसर तेल आणि खाली पांढुरके आंबूस पाणी असे त्याचे दोन थर होतात. अमेरिकेचे कृषी खातेदेखील लोणी बाहेर ठेवण्यास हरकत घेत नाही. मात्र एक-दोन दिवसांत संपेल एवढेच बाहेर काढावे, असे सांगते. हा सल्ला चुकीचा नाही. तो दुसऱ्या खोलीसाठी दिलेला आहे, एवढेच. पुस्तक आणि आजी दोघेही खरे बोलत होते; दोघांच्या मधोमध वीस अंशांचे अंतर होते.

परंतु प्रश्न केवळ खोलीचा नाही. 'लोणी' या एका नावाखाली आपण दोन भिन्न पदार्थ ओळखतो. दुकानात पाकिटात मिळणारे खारे लोणी, ज्याला मुले 'बटर' म्हणतात, आणि घरी रवीने घुसळून काढलेले पांढरे लोणी. आपल्या देशातील अन्ननियमांप्रमाणे पाकिटातील लोण्यात स्निग्धांश शंभरात किमान ८० भाग आणि पाणी अधिकात अधिक १६ भाग असावे लागते. मीठ ३ भागांपेक्षा जास्त चालत नाही. यंत्रावर मळताना हे पाणी इतक्या सूक्ष्म थेंबांत विखुरले जाते, की एखाद्या थेंबात जंतू असलाच तर तो त्या थेंबातच कोंडला जातो. त्याला पसरण्यास वाट नसते आणि खाण्यास काही उरत नाही. त्यात मिठाची करामत निराळीच. मीठ स्निग्धांशात विरघळत नाही, ते सर्व पाण्यात उतरते. शंभर ग्रॅम लोण्यात दोन ग्रॅम मीठ असेल तर ते सोळा ग्रॅम पाण्यात साठते. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे: तो थेंब समुद्राच्या पाण्याहून सुमारे तिप्पट खारट निघतो. अशा थेंबात बहुतेक जंतूंचा निभाव लागत नाही. शिवाय हे लोणी ज्या सायीचे असते, ती आधी तापवून निर्जंतुक केलेली असते.

घरचे लोणी यांपैकी कोणत्याच कवचाने सुरक्षित नसते. त्यात मीठ नसते, पाण्याचे थेंब मोठे असतात आणि प्रत्येक थेंबात ताकाचा अंश, म्हणजे दुधातील साखर व प्रथिने, राहिलेला असतो. विरजणाचे जंतू तर त्यात जन्मापासूनच असतात. म्हणून ते लवकर आंबते. लोणी काढल्यावर थंड पाण्याने तीन-चार वेळा, पाणी नितळ निघेपर्यंत, धुण्याची आपल्या घरांतील रीत आहे. ती लोण्यातील ताक काढून टाकण्यासाठी आहे. जी गृहिणी लोणी नीट धुते तिचे लोणी एक-दोन दिवस अधिक टिकते. (दूध मात्र उकळूनच विरजावे. कच्च्या दुधातून येणारे रोग लोण्यातही येतात, आणि फ्रीजमध्ये ते मरत नाहीत.)

येथे इतिहासाच्या शिक्षकास एक विषयांतर क्षम्य असावे. आजच्या आपल्या मुलांना लोणी पिवळे आणि खारट असते असेच वाटते. म्हशीचे लोणी मुळात पांढरे असते. पाकिटातील लोण्याचा पिवळेपणा पुष्कळदा वरून घातलेल्या वनस्पतिजन्य रंगाचा असतो. मुंबईत एके काळी 'पोल्सन'चे लोणी प्रसिद्ध होते. शिळ्या, आंबट होऊ दिलेल्या सायीचे आणि भरपूर मिठाचे. १९४६ साली स्थापन झालेल्या खेडा जिल्ह्याच्या सहकारी दूध संघाने, म्हणजे आज ज्यास आपण 'अमूल' म्हणतो त्याने, जेव्हा ताज्या सायीचे लोणी बाजारात आणले, तेव्हा ते ग्राहकांना अळणी वाटले आणि मीठ वाढवावे लागले, अशी हकीकत सांगितली जाते. टिकविण्यासाठी घातलेले मीठ अशा रीतीने जिभेची सवय होऊन बसले.

लोणी बिघडते म्हणजे काय होते, हेही नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपण सर्व बिघाडांस एकच शब्द वापरतो. एक बिघाड आंबण्याचा. तो पाण्याच्या अंशात जंतूंमुळे होतो. दुसरा खवटपणाचा, तो स्निग्धांशातच होतो. खवटपणाही दोन प्रकारांनी येतो. उष्णतेने आणि ओलाव्याने स्निग्धांशाचे विघटन होऊन त्यातील आम्ले सुटी होतात, त्यांचा उग्र वास येतो. किंवा हवेतील प्राणवायू व उजेड यांच्यामुळे त्याला जुन्या तेलासारखा वास येतो. तांबे-पितळेच्या भांड्यात हा दुसरा प्रकार झपाट्याने घडतो. पूर्वी वर्षा-दोन वर्षांनी दारावर कल्हईवाला येई आणि आया पितळी भांडी त्याच्यापुढे ठेवीत, त्यामागे हेही एक कारण होते. तेव्हा लोण्याचे शत्रू पाच: उष्णता, हवा, उजेड, ओलावा आणि अस्वच्छ हात. फ्रीज यांतील पहिल्याचा बंदोबस्त चांगला करतो, बाकीच्यांचा आपल्यालाच करावा लागतो.

फ्रीज नव्हता तेव्हा लोक काय करीत? लोण्याचा गोळा पाण्यात बुडवून ठेवीत. मराठवाड्यात मातीच्या लोटक्यात थंड पाणी घालून त्यात लोणी ठेवण्याची आणि पाणी सकाळ-संध्याकाळ बदलण्याची रीत सर्वांच्या पाहण्यातील आहे. पाण्यामुळे लोण्याचा हवेशी संबंध तुटतो, आणि मातीच्या छिद्रांतून पाझरणारे पाणी वाळताना भांड्यातील उष्णता घेऊन जाते. आपल्याकडील उन्हाळा कोरडा असल्यामुळे ही युक्ती येथे विशेष गुणकारी ठरते. श्रावणात मात्र ती साधत नाही. हवाच दमट असल्याने भांड्यावरचे पाणी वाळत नाही, आणि खोली गार असूनही लोण्यावर बुरशी धरते. फ्रान्समध्येही पाण्यात पालथे बसणारे लोण्याचे भांडे वापरीत. आयर्लंडच्या दलदलीत लोक लोणी पुरून ठेवीत. हजारो वर्षांपूर्वी पुरलेले गोळे आजही तेथे सापडतात, कारण त्या चिखलाखाली थंडी असते आणि हवा नसते. परस्परांची नावेही ठाऊक नसलेल्या माणसांनी एकच मार्ग शोधून काढला होता.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर एप्रिलमध्ये आम्ही वर्गात एक साधा प्रयोग केला. गावातील एका घरून लोण्याचा एकच गोळा आणला आणि त्याचे चार भाग केले. पहिला जाळीखाली फळीवर, दुसरा ओले गोणपाट गुंडाळलेल्या लोटक्यात पाण्याखाली, तिसरा फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात आणि चौथा फ्रीजमध्येच उघड्या वाटीत. उपकरण म्हणाल तर एक तापमापी आणि मुलांची नाके. फळीवरचा भाग पहिल्याच दुपारी वितळला. रात्रीच्या गारव्याने पुन्हा गोठला, पण रवाळ आणि आंबूस होऊन. तिसऱ्या सकाळी त्याजवळ नाक नेण्यास कोणी तयार होईना. लोटक्यातील गोळा मऊ पडला तरी गोळाच राहिला. तीन दिवस तो उत्तम होता, चौथ्या दिवशी किंचित आंबट लागला. झाकणाच्या डब्यातील लोणी दहाव्या दिवशीही चांगले होते. खरी गंमत चौथ्या वाटीची झाली. ती बिघडली नव्हती. परंतु शेजारच्या लसणाच्या चटणीचा वास तिने असा काही उचलला, की भाकरीवर घेताच मुले हसू लागली. स्निग्धांश वास धरून ठेवतो. म्हणून फ्रीजमध्येही लोण्याला झाकण हवे.

यापुढचा टप्पा तुपाचा. दीघनिकायातील पोट्ठपाद सुत्तात तथागतांनी एक दृष्टान्त दिला आहे: गाईपासून दूध, दुधापासून दही, दह्यापासून लोणी, लोण्यापासून तूप आणि तुपापासून तुपाचे सार, ज्या वेळी जी अवस्था असेल त्या वेळी तेच नाव. तेथे विषय आत्म्यासंबंधीच्या कल्पनांचा आहे, स्वयंपाकाचा नाही. परंतु याच क्रमाकडे टिकाऊपणाच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? उन्हाळ्यात दूध काही तास टिकते, दही दिवस-दोन दिवस, लोणी तीन-चार दिवस आणि तूप कित्येक महिने. प्रत्येक टप्प्यावर काही ना काही वजा होत जाते, आणि शेवटच्या टप्प्यावर पाणी जवळजवळ उरतच नाही. लोणी कढवताना जो तडतड आवाज येतो तो पाणी निघून जाण्याचा. आवाज थांबला, बेरी तांबूस झाली, की तूप झाले. चांगल्या तुपात पाण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून अधिक नसते. जंतूंना जगण्यास पाणी लागते. तेच नाही म्हटल्यावर चाळीस अंशांच्या खोलीतही तूप आंबत नाही. उष्ण देशातील माणसाने लोणी साठविण्याच्या प्रश्नाला दिलेले उत्तर तूप हे आहे, आणि ते विजेवर अवलंबून नाही.

लोणी-तूप किती दिवस ठेवावे याविषयीचा एक लेखी नियम विनयपिटकात आहे. महावग्गातील भेसज्जक्खन्धकात ती कथा येते. श्रावस्तीस शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले. पेज पोटात ठरेना, शरीरे कृश झाली. तेव्हा तथागतांनी पाच पदार्थ औषध म्हणून घेण्यास अनुमती दिली: सप्पि म्हणजे तूप, नवनीत म्हणजे लोणी, तेल, मध आणि फाणित म्हणजे काकवी-गुळासारखा उसाचा पदार्थ. पुढे राजगृहात पिलिन्दवच्छ नावाच्या स्थविरांस लोकांकडून ही औषधे विपुल मिळू लागली. ते ती आपल्या सोबतच्यांस वाटून देत. सोबतच्यांनी मात्र ती घडे-मडकी भरभरून ठेवली, पाणी गाळण्याच्या वस्त्रांत व पिशव्यांत भरून खिडक्यांना टांगली. ती पाझरू लागली आणि विहारात उंदरांचा सुळसुळाट झाला. विहार पाहावयास आलेले लोक म्हणू लागले, की या श्रमणांनी बिंबिसार राजासारखी कोठारे केली आहेत. त्यावर नियम झाला: ही औषधे स्वीकारल्यापासून अधिकात अधिक सात दिवस ठेवून वापरावीत; त्यापुढे ठेवली तर त्यांचा त्याग करावा. त्यागलेले तूप-तेल खाण्यास चालत नसे, परंतु दिव्यात घालण्यास चालत असे.

हा नियम आम्ही वर्गात सांगतो तेव्हा एक दक्षता घेतो. काही उत्साही वक्ते म्हणतात, की बुद्धांना जंतुशास्त्र ठाऊक होते, म्हणूनच सात दिवस. आम्हांस हे मान्य नाही. ग्रंथात जे कारण दिले आहे ते साठेबाजीचे, उंदरांचे आणि लोकांच्या नाराजीचे आहे, जंतूंचे नाही. जे ग्रंथात नाही ते ग्रंथावर लादणे इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभत नाही, आणि जी सवय आपण इतरांच्या पोथ्यांविषयी निषिद्ध मानतो ती आपल्या ग्रंथांविषयी का बाळगावी? तुपाला सात दिवसांची मर्यादा लागत नाही, हे आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरास ठाऊक आहे. लोण्याला मात्र सातही पुष्कळ होतात. सर्वांस एकच मर्यादा लावली आहे, यावरूनच तो नियम पदार्थाच्या स्वभावाचा नसून माणसाच्या स्वभावाचा आहे, हे उघड होते. आणि हे सारे आपल्यापासून फार दूरचे नाही. आपल्या जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत त्या नगरीच्या दात्यांचा उल्लेख आहे. संघाला दान देणारे गृहस्थ आपल्या केळणा नदीच्या काठीही राहत होते.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय आम्हांस केवळ विज्ञानाचा वाटत नाही, तिच्याकडे येतो. प्रयोगाच्या दिवशी आम्ही मुलांना घरी विचारून येण्यास सांगितले होते, की तुमच्या आजी-पणजीच्या घरी लोणी कसे ठेवीत. पुष्कळ मुले काही न लिहिता परत आली. एका मुलाच्या आजीने उत्तर पाठविले होते: "आमच्याकडं ताक यायचं, लोणी न्हाई." आमच्या स्वतःच्या घरीही तसेच होते. मळ्यावर कामास जाणाऱ्या आमच्या आईस परत येताना तांब्याभर ताक मिळे. त्यातले लोणी वाड्यातच राही. साठविण्याची रीत ठाऊक असण्यासाठी आधी साठविण्याजोगे काही असावे लागते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या अन्नाची जी नोंद केली आहे, तीत दूध-तुपाचा हा अभाव ठळकपणे दिसतो. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, परंतु होऊ न दिलेल्या भाषणात जयपूर संस्थानातील चकवारा गावची घटना सांगितली आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या जातबांधवांस जेवण दिले आणि त्यात तूप वाढले. पंगत बसली असतानाच शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न उधळले आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. तूप त्या गृहस्थाच्या पैशाचे होते. ते त्याच्या पानात असणे हाच अपराध ठरला.

आज आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी म्हैस आहे, काहींच्या आया बचत गटातून तूप विकतात. या घरांना रीत वारशाने मिळालेली नाही. म्हणून ती येथे स्पष्टपणे लिहून ठेवतो. फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात लोणी बाहेर ठेवू नये; फ्रीज नसेल तर लोटक्यातील पाण्याखाली ठेवावे आणि तीन दिवसांच्या आत कढवावे. थंडीत पाकिटातील खारे लोणी झाकणाच्या डब्यात एक-दोन दिवस बाहेर राहिले तर बिघडत नाही. घरचे पांढरे लोणी तेव्हाही दिवसापुरतेच बाहेर काढावे. रोजची साय साठवायची असेल तर ती फ्रीजमध्येच, झाकून, आणि आठवड्याच्या आत घुसळावी. लोणी अधिक काळ हवे असेल तर बर्फाच्या कप्प्यात महिनोन्‌महिने राहते. भारनियमनात फ्रीजचे दार उघडू नये. बंद दाराआड सुमारे चार तास गारवा टिकतो, दर पंधरा मिनिटांनी 'गार आहे का' म्हणून पाहिल्यास टिकत नाही. तूप फ्रीजमध्ये ठेवण्याचे कारण नाही. आत-बाहेर केल्याने बरणीत उलट दव धरते. काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या भांड्यात, अंधाऱ्या फळीवर ठेवावे आणि ओला चमचा त्यात कधी घालू नये. विकावयाच्या तुपात बेरीचा कणही राहू देऊ नये. गाळण्यात कंटाळा केला की महिन्याभरात गिऱ्हाईक परत येते, तक्रार घेऊन.

वसतिगृहाच्या भांडारात आता लोण्याच्या प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी असते आणि त्यावर डबा आला त्या दिवसाची तारीख. हे काम आठवीच्या मुलामुलींकडे आहे. सातवा दिवस आला, की त्यांच्यापैकी एकजण पट्टी वाचून स्वयंपाकघरातील मावशींना सांगतो, आणि त्या रात्री कढई चुलीवर चढते. बेरी कोणी खायची यावरून मात्र अजून दर वेळी भांडण होते.